तुझ्या वाट्याच्या प्रदक्षिणा

वहिनी, घरात चार माणसांत मी तुला 'अहो वहिनी' म्हणायची आणि पिंपळाच्या पारावर पोचलं की 'तू' म्हणायची. तसं तूच सांगितलं होतंस. "इथं सासरचं कुणी नाही. इथं अहोजाहो केलंस तर माझी चाल बिघडते," म्हणाली होतीस. तुला जाऊन अजून महिना व्हायचा आहे, आणि घरात सगळे तुझ्याविषयी 'त्या', 'ती बिचारी', 'आमची थोरली' असं काहीबाही बोलतात. त्यात माझ्या ओळखीची तू कुठंच सापडत नाहीस. म्हणून हे पारावरच्या भाषेत लिहिते. वाचणारे म्हणतील, धाकटी जाऊ थोरलीला एकेरी लिहिते, ही काय रीत झाली! म्हणोत बापडे.

भेटायला येणाऱ्यांचं तर विचारूच नकोस. परवा शेजारच्या काकू येऊन डोळे टिपत म्हणाल्या, "काय गं तिचा स्वभाव! कधी म्हणून पारा चढला नाही." मी पदर तोंडाला लावला. त्यांना वाटलं, मला हुंदका आला. हुंदकाही होताच, पण आधी हसू आलं होतं. तू असतीस तर माजघरात शिरून भिंतीकडे तोंड करून हसली असतीस. अगं, तुझा पाराच तर चढत होता! दुसरं काय झालं होतं तुला?

गौरीच्या जेवणाच्या दिवशी पंगत वाढताना तुझ्या नाकातून रक्त आलं, तेव्हापासूनची ही गोष्ट. त्याच्या आधी सकाळी उठल्यावर डोक्याचा मागचा भाग ठणकतो म्हणायचीस, पण डोकं कुणाचं दुखत नाही? मी सुंठ उगाळून द्यायची आणि तू लेप लावून पाण्याला जायचीस. रक्त मात्र वाटीतल्या खिरीत पडलं आणि सगळे घाबरले. थोरल्या भावजींनी टांगा आणला, मला तुझ्याबरोबर घातलं, आणि आपण मेनरोडवरच्या डॉक्टरांचा जिना चढलो. डॉक्टर मुंबईला शिकून आलेले. त्यांनी तुझ्या दंडाला पट्टा गुंडाळला, रबरी फुगा दाबायला लागले, आणि पेटीतल्या काचेच्या नळीतला पारा सरसर वर चढला. तू मला हळूच म्हणालीस, "चोळी शिवायला माप घेतायत की काय?" भावजींनी डोळे वटारले.

डॉक्टर म्हणाले, रक्ताचा दाब फार आहे. भावजींनी औषध विचारलं. डॉक्टर म्हणाले, "आराम. पूर्ण आराम. पाणी भरायचं नाही, दळायचं नाही, जिना चढायचा नाही, आणि मीठ अगदी बेताचं. आराम पडला की पुन्हा दाखवायला आणा." जिना उतरताना तू माझा खांदा धरून म्हणालीस, "रमा, मला तर आता काहीच दुखत नाही. मग आराम पडला हे कळायचं कसं गं?"

मी तुझा पदर सावरला आणि तुला टांग्यात चढवलं.

घरी आल्यावर सासूबाईंना भावजींनी सांगितलं की हिचा पारा चढतो. त्या म्हणाल्या, "हिचा? ही तर गरीब गाय. पारा चढतो तो धाकटीचा." हे मात्र खरं. पण रक्ताचा दाब म्हणजे काय ते समजल्यावर त्यांनी माजघरातली खाट स्वतः झटकली, त्यावर दुहेरी गोधडी घातली, आणि तुला तिथं निजवलं ते होळी येईपर्यंत. लोक सासूबाईंना कडक म्हणतात. आहेतच त्या कडक. पण त्यांनी तुझं जे केलं ते पोटच्या पोरीचंही कुणी करत नाही. तू खाटेखाली पाय टाकलास की त्या स्वयंपाकघरातून ओरडायच्या. भाजी निवडायला मागितलीस तर ताट काढून घ्यायच्या. लेकरांना तुझ्याजवळ दंगा करू देत नसत. तुझे धाकटे दोघं तर महिनाभर माझ्याच कुशीत निजले.

आणि तू फुगत गेलीस. चेहरा सुजल्यासारखा, पावलं जड, मोरीपर्यंत गेलीस तरी धाप. नऊवारीचा काष्टा घालताना वाकता येईना. मी वेणी घालायला बसले की म्हणायचीस, "रमा, वरच्या तुळईला वाळवी लागलीय. मी रोज बघते. घर पडायच्या आधी मी या खाटेवर पडून मरेन." मी म्हणायची, "असं अभद्र बोलू नये." आता वाटतं, बोलू द्यायला हवं होतं. दुसरं काय होतं तुझ्याकडे करायला!

होळीनंतर पुन्हा टांगा, पुन्हा जिना. या वेळी तू शहाणी झाली होतीस. जिना चढून लगेच आत गेलं की पारा जास्त चढतो असं तुझं म्हणणं, म्हणून वरच्या पायरीवर बसून राहिलीस. आत रोगी ताटकळले तरी हलली नाहीस. इतकं करूनही पारा होता तिथंच होता, किंवा थोडा वरच. डॉक्टरांनी चष्मा काढला. मला त्यांची दया आली, खरंच. म्हणाले, "बाई, खरं सांगायचं तर या दाबावर आमच्याकडे धड औषध नाही. आराम सांगतो, कारण सांगण्यासारखं दुसरं काही नसतं. आता असं करा, रोज सपाटीवर संथ फिरून बघा. धाप लागता कामा नये. काहींना त्यानं उतार पडतो."

"आणि काहींना?" तू विचारलंस.

"काहींना नाही पडत."

फिरायचं! आपण टांग्यातून घरी आलो तेव्हा तुझे डोळे इतके चमकत होते की भावजींना वाटलं, दाब उतरला. पण संध्याकाळी सासूबाईंपुढे विषय निघाला आणि संपला. "हवा खायला जायचं? बायकांनी? घरात काय हवा नाही? मग खिडक्या कशाला ठेवल्यात?" ओसरीवरून मामंजींनी पोथी मिटून होकार भरला. भावजी म्हणाले, गंगेवर, गोदेच्या घाटावर, संध्याकाळी कचेरीतली माणसं फिरायला येतात, त्यांच्यासमोर बरं दिसत नाही. आणि मला सांग वहिनी, नाशकात आपल्यातली कोणती बाई नुसती फिरायला म्हणून बाहेर पडते? पाण्याला जाते, देवाला जाते, हळदीकुंकवाला जाते, समाचाराला जाते. कुठं निघालीस म्हणून विचारलं तर 'कुठंच नाही, चालतेय' असं सांगणारी बाई मी तरी पाहिली नाही.

तू वाद घातला नाहीस. मला तुझा राग आला. मी रात्री ह्यांच्याजवळ धुसफुसले, तर हे म्हणाले, "मोठ्यांच्या मध्ये आपण पडू नये." हे कधीच कशाच्या मध्ये पडत नाहीत, तुला ठाऊकच आहे.

पण तू गप्प होतीस म्हणजे गाफील नव्हतीस. आषाढी एकादशीला देवपूजा आटपली, सगळे फराळाला बसले, मी वरी वाढत होते. तू ताटावर बसूनच, मान खाली घालून म्हणालीस, "सासूबाई, मी पिंपळाला लक्ष प्रदक्षिणा बोलले आहे. आणि चातुर्मास अळणी."

माझ्या हातातला डाव वरीतच राहिला. सासूबाईंनी तोंडातला घास गिळला, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्या बाईनं तुला खाटेखाली पाय टाकू दिला नव्हता तीच उठली, तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "बाई गं, एवढं अंगात बळ नाही तुझ्या आणि एवढं मोठं बोललीस? आता देवच तुला चालवील. धाकटीला सोबत ने." मीठ सोडल्याचं तर त्यांनी साऱ्या आळीला सांगितलं. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा 'अळणी कसं जेवेल माणूस' म्हणून गुपचूप आमटीत मीठ घालणाऱ्या त्याच त्या. व्रत म्हटल्यावर तुझी आमटी वेगळ्या पातेल्यात शिजू लागली आणि त्या पातेल्याला सोवळ्याशिवाय कुणी हात लावीना.

मागच्या दारी मी तुला गाठलं. "हे काय नवीन?" तू इकडेतिकडे बघून म्हणालीस, "पारा उतरवायला पार." आणि इतकी हसलीस की तुला धाप लागली.

ते दिवस, वहिनी! उजाडता उजाडता आपण निघायचो. अंगणात सडा पडायच्या आधी. एका छत्रीत दोघी, खाली घाटावर गंगा लाल होऊन वाहत असायची, आणि आपण घाटाच्या वरच्या अंगाच्या त्या पिंपळाला. शेजारी लहानसं विष्णूचं देऊळ, पायांनी गुळगुळीत झालेल्या फरश्या, आणि आपल्यासारख्याच पाचसात जणी. त्या पदर खोचून पळत सुटायच्या, कारण त्यांना लक्ष पुरं करायचं होतं. तू मात्र लग्नातल्या वरमाईसारखी ठुमकत. डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, धाप लागता कामा नये. पंचवटीहून फुलं घेऊन येणारी मळेवाली एकदा टोपली टेकवून बघत राहिली. म्हणाली, "बाई, तुमी लय हळू चालता. अशानं लक्ष कवा व्हायचं? दोन जनम लागतीन." तू म्हणालीस, "लागू देत. दोन जन्म फिरायला मिळेल."

तिला ते कळलं नाही. ती हात जोडून म्हणाली, "भक्ती हाय बाई तुमची."

तुझी भक्ती! तू तर प्रदक्षिणा घालता घालता मला इगतपुरीच्या गोष्टी सांगायचीस. वडील रेल्वेत, घर घाटाच्या तोंडाशी, आणि तू लहानपणी त्यांच्याबरोबर रुळांच्या कडेनं लांब लांब जायचीस, पावसात, इरलं घेऊन. "तिथला पाऊस म्हणजे पाऊस. हा काय, देवळातल्या तीर्थासारखा पळीपळीनं पडतो." मग एकदा म्हणालीस, "रमा, लग्न झाल्यापासून मी कारणाशिवाय एक पाऊल टाकलं नव्हतं. हे पहिलंच." असं बोलून तू पुढं चालू लागलीस. मी तुझ्या मागं होते, तुझं तोंड मला दिसलं नाही.

आपलं एक भांडण तिथंच झालं आणि ते राहूनच गेलं. मी म्हटलं होतं, "तू देवाला फसवतेस." तू म्हणालीस, "देवाला ठाऊक आहे ना मी फिरायला येते? त्याला ठाऊक असेल तर तो फसतो कसा?" मी म्हटलं, "देव नाही तर नाही. सासूबाई?" तू एक अख्खी प्रदक्षिणा पुरी केलीस. मग म्हणालीस, "हो. त्यांना फसवते. पण काय करू, तू सांग." मी म्हटलं, "चल, उशीर होतोय." त्यानंतर हा विषय पुन्हा निघाला तो निघायला नको होता तेव्हा.

बरं वाटलं तुला, हे मात्र कुणी नाकारू नये. दिवाळीपर्यंत तुझी पावलं हलकी झाली. काष्टा पूर्वीसारखा बसू लागला. डोकं ठणकायचं थांबलं. झोप लागू लागली. चातुर्मास संपला तरी तू अळणीच खात राहिलीस, लक्ष पुरं होईपर्यंत म्हणून. संक्रांतीच्या सुमारास डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी दोनदा फुगा दाबला, दुसरा दंड घेऊन तिसऱ्यांदा दाबला, आणि म्हणाले, "उतार आहे हो." भावजींनी त्यांना कौतुकानं सांगितलं, "आमच्याकडे व्रत चाललंय." डॉक्टर तुझ्याकडे बघून हसले. मला वाटतं, त्यांना कळलं. येताना तू टांगा पुलावर थांबवायला लावलास. भावजी म्हणाले, कशाला? तू म्हणालीस, गंगेला नमस्कार करायचाय. आणि कठड्याशी उभी राहून नुसती वाऱ्याला तोंड देत राहिलीस. नमस्कार करायचं विसरलीस ते मी पाहिलं.

मी तुझे आभार कधी मानले नाहीत गं. आपल्यात कुठं अशी पद्धत आहे? पण त्या सातआठ महिन्यांत मीही चालले होते, तुझ्या व्रताच्या आडून. माझं डोकं शांत झालं होतं. हे म्हणायचे, धाकटीचा पारा हल्ली चढत नाही. ते सुख तू मला दिलंस, हे तुझ्या तोंडावर सांगायला हवं होतं.

मग होळीनंतर तुला ताप आला. थंडी वाजून, फणफणून. ताप सगळ्यांनाच येत होता तेव्हा, आळीत घरटी एक जण अंथरुणाला. तू ग्लानीत होतीस आणि सासूबाईंना एकच घोर, व्रताला खाडा पडणार! त्यांनी गुरुजींना बोलावणं धाडलं. गुरुजी म्हणाले, व्रती आजारी असेल तर घरातलं कुणीही तिच्या वतीनं प्रदक्षिणा घालू शकतं, पुण्य व्रतीलाच. सासूबाईंनी गुडघ्यांना एरंडाची पानं बांधली, वरून फडकं गुंडाळलं आणि काठी घेऊन निघाल्या. मी सोबतीला.

त्या परत आल्या तेव्हा तू जागी झाली होतीस. त्यांनी तुझ्या कपाळाला पिंपळाची माती लावली आणि म्हणाल्या, "काळजी करू नकोस. तुझ्या वाट्याच्या घालून आले." तू रडायला लागलीस. सगळ्यांना वाटलं, तापानं.

ताप उतरला. तू खाटेवरून उठून म्हणालीस, उद्यापासून मी जाते. सासूबाई म्हणाल्या, "मी मेले का? अजून कच्ची आहेस." तू म्हणालीस, हळूहळू येते तुमच्याबरोबर. त्या म्हणाल्या, "वाटेत चक्कर आली तर? मी घालते तेही तुझंच आहे ना? तू आराम कर." डॉक्टर घरी येऊन गेले, त्यांनीही सांगितलं, तापानंतर थोडे दिवस पडून राहणं बरं. थोडे दिवस म्हणजे किती, ते कुणी विचारलं नाही. भावजी खूश, आई आणि बायको यांचं इतकं गूळपीठ त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. गुरुजी खूश. सगळी आळी सासूबाईंचं नाव काढत होती, की सून असावी तर अशी आणि सासू असावी तर अशी.

आणि तू पुन्हा त्या खाटेवर. पुन्हा तुळईकडे बघत. डोकं ठणकायला लागलं, कानांत वारा भरल्यासारखं वाटू लागलं, पावलांवर सूज चढली. पुण्य दुसऱ्याच्या पायांनी मिळतं गं वहिनी, पण तुझं रक्त कोण फिरवणार होतं? सासूबाई तिकडे पिंपळाभोवती लंगडत फिरायच्या आणि इकडे तुझा पारा चढत होता. हे या घरात दोघींनाच माहीत होतं, तुला आणि मला.

मी म्हटलं, "आता मी सांगते त्यांना."

"काय सांगशील?"

"की व्रत-बित काही नाही. तुला फिरायचं होतं. तू फिरलीस तरच उपयोग आहे."

तू उठून बसलीस. तुझा पारा चढलेला मी तेवढा एकदाच पाहिला. "त्यांचे गुडघे बघितलेस का? रात्री विव्हळतात. तरी सकाळी उठून माझ्यासाठी जातात. त्यांना जाऊन सांगशील की हे सगळं फुकट? की सुनेनं देवाचं नाव घेऊन वर्षभर थापा मारल्या?"

"मग तू अशीच पडून राहणार?"

"थोडे दिवस. मी हळूहळू वळवते त्यांना. तू मध्ये पडू नकोस. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला."

मी म्हटलं, "शपथा घालायची ही काय वेळ आहे?" तू म्हणालीस, "घातली." आणि आडवी झालीस. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा भांडले, तिसऱ्या दिवशीही भांडले असते. पण तू डोळे मिटून घ्यायला शिकली होतीस. मी हात चोळत बसले. वहिनी, मला अजून कळत नाही की तू त्यांना भीत होतीस, की तुझं त्यांच्यावर प्रेम होतं. हे तुला विचारायचं राहिलं.

वैशाखात एके दिवशी सासूबाईंचा उजवा गुडघा इतका सुजला की पाय जमिनीला टेकवेना. त्या दिवशी प्रदक्षिणा झाल्या नाहीत. त्या दिवसभर देवापुढे बसून होत्या. तू उलट त्यांचा गुडघा शेकायला मला सांगत होतीस. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुझी वेणी घालत होते. तू म्हणालीस, "रमा, डोकं धर गं जरा." मी दोन्ही हातांनी धरलं. तुझा उजवा हात मांडीवरून खाली घसरला, तो तू उचलला नाहीस. बोलायला गेलीस ते शब्द नीट आले नाहीत. डॉक्टर धावत आले, पट्टा बांधला, नळीकडे पाहिलं, आणि पट्टा सोडून पेटीत ठेवला. उन्हं कलायच्या आत तू गेलीस. अर्धी वेणी तशीच होती.

आणि सासूबाई काय म्हणाल्या माहीत आहे? पहिल्या आक्रोशातच त्यांनी सुजलेल्या गुडघ्यावर मुठी मारून घेतल्या. "माझा खाडा पडला. एक दिवस मी चुकले आणि माझं पोर गेलं." तेव्हापासून त्यांचं तेच चाललंय. जेवत नाहीत. येणाऱ्याजाणाऱ्याला तेच सांगतात. मामंजींनी समजावलं, गुरुजींनी समजावलं की आजारपणात दोष लागत नाही. त्या ऐकत नाहीत.

मी त्यांना एका वाक्यात सोडवू शकते. व्रतच नव्हतं, तर खाडा कुठला? पण त्याच वाक्याचा पुढचा अर्धा भाग काय होतो, ते तूच बघ. व्रत नव्हतं, तिला फिरायचं होतं, आणि तुम्ही तिच्या वाट्याचं फिरून तिला खाटेवर ठेवलंत. पहिला भाग सांगून दुसरा कसा लपवू? त्या काही खुळ्या नाहीत. रात्रभरात त्या पुढचं सगळं जोडून काढतील. आज एका दिवसाच्या खाड्यासाठी रडतात, मग प्रत्येक दिवसासाठी रडतील. मी तोंड उघडते आणि 'चहा ठेवू का' असं काहीतरी विचारते.

आणि खरं म्हणजे मला तरी काय माहीत आहे? परवा डॉक्टर सासूबाईंचा गुडघा बघायला आले होते. जाताना दारात मी त्यांना विचारलं, "वहिनी चालत राहिल्या असत्या तर?" डॉक्टर बूट घालायला वाकले. म्हणाले, "सांगता येत नाही बाई. कदाचित. चालणारेही जातात, पडून राहणारेही जातात. तापानं काय केलं तेही सांगता येत नाही." ते थट्टा करत नव्हते. त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं. मला वाटत होतं, कुणाला तरी माहीत असेल.

सुतक फिटल्यावर सासूबाई काठी घेऊन पुन्हा निघाल्या. थोरलीचं लक्ष अपुरं राहिलं तर तिला गती नाही, असं त्यांच्या मनानं घेतलंय. भावजी नको म्हणाले, मामंजी नको म्हणाले. त्या कुणाचं ऐकतात? मी सोबत जाते. त्या इतक्या हळू चालतात की तुझी चाल त्यापुढं धाव वाटावी. मळेवालीनं त्यांना बघून तोंडाला पदर लावला, आणि फुलांचे पैसे घेतले नाहीत.

आज सकाळी त्या पिंपळाला हात टेकून उभ्या राहिल्या. धाप लागली होती. म्हणाल्या, "रमा, उद्यापनाला गुरुजी विचारतील, संकल्प काय होता. ती मला बोलली नाही कधी. तुझ्याजवळ बोलली असेल. काय मागितलं होतं गं तिनं?"

माझ्या जिभेवर आलं होतं. काही मागितलं नव्हतं, सासूबाई. फक्त चालायचं होतं तिला, कारणाशिवाय. मी तुझी शपथ आठवली, आणि त्यांच्या गुडघ्यावरचं फडकं पाहिलं, ते घामानं भिजलं होतं.

मी त्यांची काठी पुढं केली, तर त्याच म्हणाल्या, "विनायकाच्या आयुष्यासाठीच असणार. बाई दुसरं काय मागते?"

मी "हो" म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले, भावजींचं नाव घेतलं, शंभर वर्षं आयुष्य मागितलं, आणि काठी टेकत पुढची प्रदक्षिणा सुरू केली. वहिनी, साऱ्या जन्मात एकच गोष्ट तू स्वतःसाठी केली होतीस. आता तीही तुझ्या नवऱ्याच्या नावावर चालली आहे, आणि मी पाण्याचा गडू घेऊन मागून चालते आहे.